तक्त्यात घर पूर्ण, घरात माणूस आहे का?

आडवळणी
दाढ काढली, दोन आठवडे तोंड बंद. वेळ जावा म्हणून लोकसभेच्या संकेतस्थळावर गृहनिर्माण व शहरी व्यवहार खात्याची उत्तरं वाचत बसलो. ज्यांना झोप येत नाही त्यांनी जरूर वाचावीत.

तारांकित प्रश्न दिवसाला 20 लागतात, त्यातले जेमतेम पाच-सहा तोंडी होतात. अतारांकित 230, त्यांची उत्तरं फक्त लेखी. घरांवरचे बहुतेक प्रश्न याच ढिगात. उत्तराची पहिली ओळ आता मला पाठ झाली आहे: 'जमीन' आणि 'वसाहत' हे राज्यांचे विषय आहेत. हरदीपसिंग पुरी असोत की आताचे मनोहरलाल, ओळ तीच. खासदाराने पाच उपप्रश्न घातलेले असतात, उत्तर मात्र "(क) ते (ङ)" असा एकच गठ्ठा. त्या गठ्ठ्यात (घ) कुठे विरघळला ते शोधत बसा. मग तक्ता: मंजूर, काम सुरू, पूर्ण. 2015 च्या शहरी आवास योजनेत 1.18 कोटी मंजूर, 90 लाखांच्या वर पूर्ण.

आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. माझी तक्रार एवढीच की चौथा रकाना नाही. पूर्ण झालेल्यांपैकी किती घरांत माणसं राहतात? 2020 मध्ये सरकारने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली, कारण आधीच्या योजनांत बांधलेली 80 हजारांहून जास्त सरकारी घरं रिकामी पडून होती. तीही कधीतरी कुठल्यातरी तक्त्यात 'पूर्ण'मध्येच बसली असतील ना?

निवृत्त ओव्हरसियर
आडवळणीसाहेब, ज्या ओळीला तुम्ही हसताय ती राज्यघटनेतली आहे. सातवी अनुसूची, राज्यसूची, नोंद 18. दिल्लीतल्या मंत्र्याला तुमच्या गावातलं गुंठाभर गायरानसुद्धा देता येत नाही. तो पैसे देतो, जागा राज्याने काढायची, लाभार्थी नगरपालिकेने ठरवायचे. मंत्र्याने तेच सांगितलं तर ती टाळाटाळ कशी?

दुसरं, त्या 1.18 कोटींत निम्म्याहून जास्त घरं लोकांनी आपल्या जागेवर आपणच बांधलेली आहेत. केंद्राचे दीड लाख, आपल्या राज्याचा एक लाख, उरलेली पदरमोड. स्वतःच्या जागेवर पदरचे पैसे घालून बांधलेलं घर कोण रिकामं ठेवेल? आणि रिकामं आहे हे ठरवायचं कसं? माणूस सहा महिने मुलाकडे गेला तर दाराला कुलूपच दिसणार. कुठल्या कारकुनाने दारोदार फिरायचं?

मुक्ता
ओव्हरसियरकाका, आमच्या दाराला कुलूप आहे आणि आम्ही मुलाकडे गेलेलो नाही.

आईला सोडतीत घर लागलं. शहराचं नाव घेत नाही. किल्ली देतानाचा फोटो आहे, आईने नवी साडी नेसली होती. इमारत शहराबाहेर, सहावा मजला. आई चार घरी धुणीभांडी करते, पहिलं घर सकाळी साडेसहाचं. तिकडून पहिली बस सातची. तीन महिने भावाने पहाटे सायकलवरून सोडलं, मग त्याची कंपनीतली पाळी बदलली. आता आम्ही पुन्हा जुन्या वस्तीत, पत्र्याच्या खोलीत, भाड्याने. नवीन घरी दिवाळीला जाऊन झाडून येतो.

वीजबिल मात्र न चुकता येतं. युनिट शून्य, तरी स्थिर आकार भरावाच लागतो. तक्त्यात आम्ही 'पूर्ण' आहोत.

सरळरेघ
प्रश्नोत्तराचा तास म्हणजे नाटक आहे, एवढं मनाला का लावून घेता? खासदाराला मतदारसंघात छापायला कात्रण मिळतं, मंत्र्याला योजनेची जाहिरात. 2020 च्या पावसाळी अधिवेशनात करोनाचं कारण देऊन हा तासच ठेवला नव्हता. तुमच्या गल्लीत कोणाचं काही अडलं का?

निवृत्त ओव्हरसियर
अडलं की नाही ते आमच्या टेबलाला विचारा. "एलएक्यू आलाय" म्हटलं की ऑफिसात सगळी कामं बाजूला. एलएक्यू म्हणजे विधिमंडळातला प्रश्न. संसदेचा प्रश्न आला तर ताप त्याहून जास्त. वरून फोन, आज संध्याकाळी पाचपर्यंत माहिती पाठवा. एका वर्षी अशा प्रश्नासाठी वॉर्डवार यादी काढायला बसलो तेव्हा कळलं, 41 लाभार्थ्यांचा दुसरा हप्ता निव्वळ फोटो अपलोड न झाल्याने अडकला होता. आठवड्यात सुटला. प्रश्न विचारणाऱ्या खासदाराला हे माहीतही नसेल. सरळरेघ, नाटक सभागृहात असेल. खाली फाइल हलते.

मुक्ताताई, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. पण बस नाही यात घराच्या योजनेचा दोष किती?

मुक्ता
सगळाच, काका. स्वस्त जागा म्हणून गावाबाहेर घर बांधायचं, आणि बस हा दुसऱ्या खात्याचा विषय म्हणायचं. पुन्हा तीच पहिली ओळ.

बांधावरचा
मी ग्रामीणवाला. तुम्ही शहरातली रिकामी घरं मोजा, आमच्याकडे घरकुल रिकामं राहत नाही, कारण ते वस्तीतच असतं. आमचं 2019 चं. 25 चौरस मीटर म्हणजे 269 चौरस फूट. चूल बाहेर पत्र्याखाली आहे, पण म्हातारीच्या अंथरुणावर आता पाणी गळत नाही. म्हणून योजनेला नावं ठेवणाऱ्यांचा मला थोडा राग येतो.

माझी तक्रार वेगळी. रक्कम 1 लाख 20 हजार. 2016 ला योजना आली तेव्हा हीच होती. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी दोन कोटी घरं मंजूर केली, तीही याच दरात. संसदेच्या स्थायी समितीने वाढवा म्हणून सांगितलं, तरी नाही. आठ वर्षांत मिस्त्रीची हजेरी कुठे गेली ते मिस्त्रीला विचारा. माझा चुलतभाऊ जोत्यापर्यंत आला, जिओ टॅग झाला, म्हणजे जागेच्या नोंदीसह फोटो चढला, हप्ता मिळाला. लिंटेलला, म्हणजे दार-खिडक्यांवरच्या पट्टीपर्यंत, आला आणि थांबला. दोन पावसाळे झाले, सळया गंजताहेत. तक्त्यात तो 'काम सुरू' आहे. आमच्याकडे घोळ दुसऱ्या रकान्याचा आहे, चौथ्याचा नाही.

सरळरेघ
म्हणजे फुकटही पाहिजे आणि पुरेसंही पाहिजे.

बांधावरचा
फुकट कसलं? मी स्वतःचे दोन लाख घातलेत, सोसायटीचं कर्ज अजून फिटलं नाही. शहरातल्या नोकरदारांना गृहकर्जाच्या व्याजावर सबसिडी मिळत होती, तेव्हा तिला कोणी फुकट म्हटलं नाही.

आडवळणी
बांधावरचा, हे मान्य. दुसऱ्या रकान्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

सगळंच गावाबाहेरचं फसतं असंही नाही. सोलापूरजवळ कुंभारीचं रे नगर घ्या. 30 हजार घरांचा प्रकल्प, जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांनी त्यातली 15 हजार घरं दिली. तिथे विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले यांनीच आधी संस्था केली आणि माजी आमदार आडम मास्तरांसारखे लोक वर्षानुवर्षं मागे लागले. तिथे विचारणारी माणसं एकत्र होती. सोडतीत कोण कुणाला विचारणार?

आणि ओव्हरसियरसाहेब, दारोदार फिरायचं कशाला? मुक्ताताईंनीच रस्ता सांगितला: वीजबिल. वीज कंपनीकडे प्रत्येक मीटरचे युनिट आहेतच. मी आमच्या खासदारांच्या कार्यालयाला मसुदा पाठवतोय: "(क) पूर्ण झालेल्या घरांपैकी किती घरांचा वीजवापर सलग सहा महिने शून्य आहे, (ख) लिंटेलच्या पुढे न गेलेली घरं किती आणि किती महिन्यांपासून". दोनच उपप्रश्न ठेवले, म्हणजे गठ्ठा बांधता येणार नाही.

निवृत्त ओव्हरसियर
युनिटचं पटलं. पण (ख) तोडा. ते ग्रामविकास खात्याचं, शिवराजसिंहांकडे जाईल. एकाच प्रश्नात दोन खाती घातलीत तर अडकण्याची भीती. वेगळा करा.

बांधावरचा
वेगळा करताच आहात तर त्यात वाळूचंही घाला. घरकुलाला पाच ब्रास फुकट म्हणतात, आमच्या तालुक्यात अजून एक पाटी मिळालेली नाही.

मुक्ता
वाळू राज्याचा विषय आहे हो, दादा.