सेझाँमध्ये जर्दाळू आणि अंबाडीची फुलं: कधी, किती, कशी

ए-२०४: २० लिटर सेझाँ (बेल्जियन धाटणीची बिअर) लावली आहे. ४ किलो पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), अर्धा किलो गहू माल्ट, ३०० ग्रॅम साखर. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेतली घनता, साखर आंबते तशी उतरते) १.०५६. आज सहावा दिवस, १.०३२ वर अडकलीय आणि एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी झाकणावरची पाण्याची झडप) गप्प. जर्दाळू चिरून तयार आहेत. आता घातले तर त्यांच्या साखरेने यीस्ट परत उठेल का?

सी-५०१: थांबा ताई, फळ आत्ता नको. आधी सांगा, रीडिंग हायड्रोमीटरचं (द्रवात तरंगवून मोजतो तो) आहे की रिफ्रॅक्टोमीटरचं (प्रकाशावरून मोजतो तो)? अल्कोहोल तयार झालं की रिफ्रॅक्टोमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. आणि यीस्ट कोणतं?

ए-२०४: हायड्रोमीटर, काका. यीस्ट वायईस्ट कंपनीचं ३७२४. बिअर २३ अंशांवर आहे.

सी-५०१: मग उलगडलं. ३७२४ हे १.०३५ च्या आसपास बैठक मारण्यासाठीच ओळखलं जातं. मेलेलं नाही, त्याला ऊब हवीय. रोज दोन अंश चढवत ३० ते ३२ वर न्या. हीटिंग बेल्ट लावा, नाहीतर पाण्याच्या टबात फर्मेंटर ठेवून मत्स्यालयाचा हीटर सोडा. दिवसातून एकदा झाकण न उघडता भांडं हलकेच गोल फिरवा, म्हणजे तळाचं यीस्ट वर येईल. तरी दोन आठवडे धरून चाला.

बी-१०३: पुढच्या वेळी पहिले काही दिवस एअरलॉकच लावू नका. निर्जंतुक केलेलं फॉइल तोंडावर सैल ठेवा. आतला थोडासा दाबही या यीस्टला मानवत नाही, असा अनेक ब्रूअर्सचा अनुभव आहे.

डी-७०२: पण मग सुरुवातीपासूनच ३० ला का नाही ठेवायचं?

सी-५०१: पहिले दोन-तीन दिवस यीस्टची वाढ जोरात असते. तेव्हा फार गरम झालं तर जड अल्कोहोल तयार होतात, घशाला जळजळ होते आणि वास नेलपॉलिशच्या वाटेने जातो. म्हणून २० ते २२ ला सुरुवात करायची, मग मोकळं सोडायचं.

ए-२०४: आणि फळ?

बी-१०३: १.०१० च्या खाली आल्यावर. आंबवणी जोरात चालू असताना घातलं तर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड फळाचा सुगंध सोबत घेऊन जातो. शिवाय तोवर अल्कोहोल आणि आम्लता दोन्ही तयार असतात, त्यामुळे फळावरच्या जंतूंना फारसा वाव राहत नाही. २० लिटरला २ किलो गर पुरे. चिरलेले जर्दाळू रात्रभर फ्रीझरमध्ये टाका. बर्फाचे कण पेशी फोडतात, वितळल्यावर रस सहज सुटतो. उकळू मात्र नका, पेक्टिन सुटून बिअर कायमची गढूळ होते. पेक्टिनेझ (पेक्टिन तोडणारं एन्झाइम) असेल तर गरावर आधीच घाला.

सी-५०१: सगळे बाठे काढले ना? आतल्या बियांत अमिग्डालिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं.

डी-७०२: फळाने बिअर कडक होईल ना?

बी-१०३: उलट. जर्दाळूत साखर साधारण ९-१० टक्के, बाकी बहुतेक पाणीच. तुमचं वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) त्याहून दाट होतं. अल्कोहोल किंचित उतरेल.
आणि गर मलमलच्या उकळलेल्या पिशवीत, सोबत स्टीलचं वजन घालून बुडवा. तरंगणाऱ्या कोरड्या गरावरच बुरशी धरते. एअरलॉकऐवजी जाड नळी काढून पाण्यात सोडा, गराचा तुकडा अडकला तर झाकण उडतं. सात ते दहा दिवस ठेवा.

ए-२०४: आणि पाककृतीतलं 'हिबिस्कस'? फुलं कुंडीतल्या जास्वंदीची चालतील?

सी-५०१: नाही. पाककृतीत 'हिबिस्कस' लिहिलेलं असतं ते लाल अंबाडीचं बोंड, म्हणजे फुलाचं मांसल आवरण. आंबटपणा आणि गडद लाल रंग त्यातच असतो. खाण्यासाठी वाळवलेलंच घ्या. सजावटीच्या फुलांवर फवारणी असते.
६० ग्रॅम बोंडं, १ लिटर पाणी ८० अंशांवर, १५ मिनिटं झाकून ठेवा, गाळा, थंड करा. सगळं एकदम ओतू नका. १०० मिलिलिटर बिअर ग्लासात घ्या आणि सिरिंजने तो अर्क एकेक मिलिलिटर घालत चाखत जा. ५ मिलिलिटरवर जमलं तर २० लिटरला पूर्ण एक लिटर लागेल, ३ वर जमलं तर ६०० मिलिलिटर. ही चाचणी बाटल्या भरायच्या दिवशीच करा, आधी नाही, कारण फळाचा आंबटपणा तोवर बिअरमध्ये पुरता उतरलेला असतो.

डी-७०२: लॅव्हेंडर?

सी-५०१: २० लिटरला ५ ग्रॅमच्या वर गेलात की साबण. कॅमोमाइल १५ ग्रॅमपर्यंत छान लागतं, जर्दाळूशी त्याचं फार जुळतं. पण एका बिअरमध्ये एकच फूल. सेझाँचा मिरीसारखा झणका यीस्टमधून येतो, तो झाकला गेला तर सेझाँ करून काय उपयोग!

बी-१०३: ताई, बाटल्यांची घाई करू नका. तीन दिवसांच्या अंतराने तीन रीडिंग अगदी सारखी हवीत, शक्यतो १.००६ च्या खाली. गॅसचा हिशेब असा: ग्रॅव्हिटीचे दोन अंक (म्हणजे ०.००२) उरले आणि बाटलीत आंबले, तर बिअरच्या आकारमानाएवढा कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो. १.०१२ ला बंद केलेली बाटली फुटणारच.

ए-२०४: प्रायमिंगला, म्हणजे बाटलीत गॅस धरण्यासाठी, साखर किती?

बी-१०३: लिटरला ८ ग्रॅम, पाण्यात उकळून. बाटल्या जाड काचेच्या, तपकिरी. साधी पातळ बाटली असेल तर ६ च्या वर जाऊ नका. साखरेच्या कॅल्क्युलेटरमध्ये तापमान मात्र आजच्या खोलीचं टाकू नका. आंबवताना बिअर जितकी जास्तीत जास्त तापली तेच टाका, कारण विरलेला गॅस तेव्हाच निघून गेलेला असतो.

ए-२०४: बेल्ट २५ वर लावला. जर्दाळू फ्रीझरमध्ये परत. चार दिवसांनी रीडिंग टाकते.

सी-५०१: टाका. १.०२० च्या खाली असेल तर बेल्ट ३२ वरच राहू द्या, गार पडू देऊ नका.