परदेशातून गावाकडं स्वस्त फोन: स्काइप गेल्यावर काय वापरावं?

धारूरघाट (लातूर)

राम राम मंडळी. सल्ला पाहिजे. भाऊ म्युनिकला, मेहुणे शारजात, आई धारूर तालुक्यात गावी. आईकडं साधा बटनाचा फोन. स्मार्टफोन घेऊन द्या असं कृपा करून सुचवू नका, ती वापरणार नाही. मी लातूरला, घरी १०० एमबीपीएसचं फायबर. आजवर सगळं स्काइपवर चालायचं, ते मे २०२५ मध्ये बंद झालं. भाऊ आईला आठवड्यातून चारदा लावतो, अर्धा-अर्धा तास. तिकडच्या सिमवरून थेट लावणं परवडंना गेलंय. मेहुण्यांचे व्हॉट्सॲप मेसेज येतात, कॉल मात्र लागतच नाही. कोणतं ॲप घ्यावं? महिन्याला हजाराच्या आत बसावं.

गोदाकाठ (नांदेड)

ॲपचं नाव नंतर. आधी बघा, नेट कोणत्या टोकाला आहे. दोन्ही टोकांना असेल (तुम्ही आणि भाऊ) तर पैसे देण्याचं कारणच नाही. व्हॉट्सॲप, सिग्नल, गुगल मीट, काहीही चालवा. मीटवर दोघांचा कॉल २४ तास चालतो, तिघे झाले की ६० मिनिटांवर तुटतो, एवढं ध्यानात ठेवा.

आईकडं नेट नाही, म्हणून तिथं ॲपवरून फोनवर जाणारी सेवा लागते. भावाच्या मोबाइलपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत कॉल नेटवरून येतो आणि तिथून पुढं आईच्या सिमवर साधा कॉल म्हणून उतरतो. तिच्या फोनला एक कांडी रेंज असली तरी बास. इनकमिंगचा तिला पैसा लागत नाही. म्हणून लावायचं नेहमी भावानंच. आईनं मिस्ड कॉलसुद्धा देऊ नये, चुकून तिकडं उचलला गेला तर आयएसडीचा दर लागतो.

खर्चाचं गणित असं. परदेशातून आलेला कॉल भारतात उतरवून घेण्याचे पैसे इथली मोबाइल कंपनी घेते. ट्रायनं (दूरसंचार नियामक) १ मे २०२० पासून ते मिनिटाला ३५ ते ६५ पैशांच्या पट्ट्यात ठेवलेत. म्हणून भारताचा दर बहुतेक ॲपवर एक-दोन सेंटच्या आसपास दिसतो. यूएईमध्ये कॉल उतरवायचा दर कितीतरी जास्त, म्हणून तेच ॲप शारजाला लावताना कितीतरी पट मागतं. ॲप महाग किंवा स्वस्त नसतं, देश असतो.

तुमचा हिशोब: आठवड्याला १२० मिनिटं, महिन्याला ५२० धरा. दीड सेंटनं ७.८ डॉलर, म्हणजे सातशेच्या आसपास. हजारात बसतंय.

मांजराकाठी (लातूर)

गोदाकाठ दादांनी सांगितलेल्या त्या ३५ पैशांची आणखी एक गंमत आहे. मिनिटाला त्याच्याही खाली कुणी "भारत कॉलिंग" विकत असेल तर तो कॉल सरळ वाटेनं येत नाही असं समजा. असले कॉल नेटवरून आणून सिमबॉक्समधल्या (एकाच वेळी ढीगभर सिम चालवणारं यंत्र) पन्नास-शंभर सिमांवरून लोकल म्हणून सोडतात. आईच्या फोनवर भावाच्या नावाऐवजी कुठला तरी भारतीय नंबर दिसतो, तोही दर वेळी निराळा. हा गुन्हा आहे. २०१७ साली आपल्या लातुरातच एटीएसनं असलं एक्स्चेंज पकडलं होतं. असा कॉल आला तर संचार साथी पोर्टलवर भारतीय नंबरवरून आलेल्या परदेशी कॉलची तक्रार करायची वेगळी सोय आहे.

अनलिमिटेड पॅकची गोष्ट वेगळी. तिथं कमी बोलणाऱ्याच्या पैशावर जास्त बोलणाऱ्याचं भागतं, म्हणून तो दर खाली दिसतो. पण अनलिमिटेडच्या खाली बारीक अक्षरात मिनिटांची मर्यादा असते, ती वाचा.

क्रेडिट भरायच्या आधी भावाला इतकं बघायला सांगा. मोबाइल आणि लँडलाइनचा दर वेगळा आहे का. कॉल जोडल्याबरोबर वेगळी फी कापतात का, कारण ती असली की दोन-दोन मिनिटांचे कॉल मार खातात. अर्धवट मिनिट पूर्ण धरतात का. क्रेडिट किती दिवसांत मरतं. आणि ऑटो-रिचार्जला आधीपासूनच टिक केलेली असते, ती काढा. पहिल्यांदा सगळ्यात लहान रक्कम भरा, रात्री साडेआठला दहा मिनिटांचा कॉल करा, संपल्याबरोबर शिल्लक बघा. दर खरा किती ते तिथंच कळतं. पैसे भावाच्या तिकडच्या कार्डावरून भरा. इथल्या कार्डावर परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावर जीएसटी बसतो, शिवाय कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्यावे लागतात.

धारूरघाट

लैच कामाचं सांगितलंत. एक अडचण अशी की भावानं एक ॲप लावून बघितलं, तर आईच्या फोनवर भलताच नंबर आला. तिनं उचललाच नाही, फ्रॉड वाटला तिला. मग भावानं ॲपमध्ये स्वतःचा जुना भारतीय नंबर टाकला, तर आता कॉल लागतच नाही.

मांजराकाठी

लागणारच नाही वो. ऑक्टोबर २०२४ पासून दूरसंचार खात्यानं यंत्रणा बसवलीय. परदेशातून येणाऱ्या कॉलवर +९१ चा खोटा नंबर दिसला की तो वरच्या वर अडवतात. फ्रॉडवाल्यांसाठी केलेलं आहे, पण त्यात आपला भाऊपण सापडतो.

ॲपच्या सेटिंगमध्ये कॉलर आयडीला जर्मन नंबर टाका. एसएमएसनं कोड येईल, तो टाकून पक्का करा. मग आईच्या फोनमध्ये तोच +४९ चा नंबर नावानं सेव्ह करा. बटनाच्या फोनवर + यायला बहुतेक शून्याचं बटन दाबून धरावं लागतं, काहींवर स्टार दोनदा. + ऐवजी ०० घालून सेव्ह केलं तर काही फोन नाव दाखवत नाहीत. +४९ लावताना जर्मन नंबराच्या सुरुवातीचं शून्य काढायचं. आणि आईला बजावून ठेवा, नावाशिवाय परदेशी नंबर आला तर उचलायचा नाही, उलटा लावायचा तर मुळीच नाही.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

शारजाचं मी सांगतो. यूएईत व्हॉट्सॲपचे मेसेज चालतात, व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल तिथल्या नियमानं बंद आहेत. तुमच्या फोनात किंवा नेटमध्ये खोट नाही, सेटिंग उलटीपालटी करत बसू नका. परवानगी असलेली ॲप आहेत, त्यात बोटिम सगळ्यात जास्त चालतं. ते दोन्हीकडं टाकावं लागतं. टीम्स आणि झूमही चालतात. बोटिमसाठी वेगळा इंटरनेट कॉलिंग पॅक लागतो का, हे मेहुण्यांनी आपल्या सिमच्या ॲपमध्ये बघावं.

व्हीपीएन टाका म्हणून सांगणारे शंभर भेटतील. त्यांचं ऐकू नका. तिथल्या २०२१ च्या सायबर कायद्यात व्हीपीएन वापरून गुन्हा केला तर ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. नोकरी करणाऱ्या माणसानं फुकट कॉलसाठी ही जोखीम घेऊ नये.

डॉक्टर_होईल_पोरगं (उदगीर)

धाग्यात घुसतो, माफ करा. पुतण्या चीनमध्ये एमबीबीएसला, गावातली दोन पोरं रशियात. त्यांचं काय?

पैठणगेट

चीनमध्ये व्हॉट्सॲप बंद, आणि तिथं चालणारं वीचॅट आपल्याकडं जून २०२० पासून बंद. त्यामुळं दोन्हीकडं चालणारं काहीतरी धरावं लागतं. टीम्स बघा. तेही अडलं तर पुतण्यानं ॲपवरून सरळ तुमच्या मोबाइलवर लावावं. रशियानं ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या कॉलवर बंधनं घातली, म्हणून तिथंही दुसरा मार्ग तयार ठेवा. किर्गिझस्तानवाल्यांना हा ताप नाही.

एमआयडीसी_वाळूज

धारूरघाट, आवाज तुटत असेल तर ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, फरक पडतो.

माळवद (परभणी)

नाही पडत. कॉलला स्पीड लागतच नाही. टेलिफोन दर्जाचा जी.७११ कोडेक (आवाज नेटवरून पाठवण्याजोगा करायची पद्धत) धरला तरी एका बाजूला साधारण ८७ केबीपीएस, जी.७२९ ला ३१. दोन्ही बाजू धरून जी.७११ वर मिनिटाला १.३ एमबी, तासाला ७८ एमबी. १०० च्या फायबरात हे बोटभर पाण्याइतकं आहे. कॉल खराब होतो तो पॅकेट (आवाजाचे नेटवरून जाणारे तुकडे) गळतात म्हणून, किंवा एकसारखे न येता धक्क्यानं येतात म्हणून. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत पाहिजे आणि गळती १ टक्क्याच्या आत.

दोष कुठं आहे हे असं काढा. रात्री साडेआठला लॅपटॉपवरून आधी राउटरलाच (बहुधा १९२.१६८.१.१) सलग १०० पिंग मारा (उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते दाखवणारी आज्ञा). इथंच आकडे ३ वरून २०० वर उड्या मारत असतील तर दोष तुमच्या वायफायचा, कंपनीला फोन करून उपयोग नाही. राउटरला आकडे शांत आणि ८.८.८.८ ला (गुगलचा सर्व्हर) पिंग केल्यावर उड्या, तर दोष पुढच्या लाइनचा. मग हेच आकडे दाखवून तक्रार टाका. "नेट स्लो आहे" म्हणालात तर ते स्पीड टेस्ट करून बरोबर दाखवतात आणि तक्रार बंद करतात.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे भिंती. माळवदाच्या घरात दीड-दोन फुटी मातीच्या भिंती, त्यातून ५ गीगाहर्ट्झ पलीकडं जात नाही. फोनवर वायफायच्या कांड्या दिसतात आणि बोलताना शब्द गळतात. २.४ गीगाहर्ट्झ वापरा, चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी मोकळा असेल तो हातानं निवडा. नाहीतर राउटर देवघराच्या कोनाड्यातून काढून ओसरीत आणा.

दुसरं, रात्री नऊला घरातले फोन फोटोंचा बॅकअप वर चढवायला लागतात, अपलोड भरून जातो आणि समोरच्याला तुमचा आवाज तुटक जातो. बॅकअप रात्री उशिरावर टाका. तिसरं, व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत ॲडव्हान्स्डमध्ये कॉलमधला आयपी पत्ता झाकायचं बटन आहे. ते चालू असलं की कॉल सर्व्हरला वळसा घालून जातो, आवाज उतरतो. घरच्यांशीच बोलायचं तर बंद ठेवा.

लाइट गेल्यावर कॉल तुटू नये म्हणून राउटरला छोटा डीसी यूपीएस लावा. ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघूनच घ्या. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन तोंडांचा लागतो.

धारूरघाट

भाऊ बोलताना त्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. त्याचा फोन खराब आहे का?

माळवद

नाही. ज्याला घुमतंय त्याच्याकडं दोष नसतो, समोरच्याकडं असतो. आई स्पीकरवर बोलत असणार. स्पीकरमधून आलेला भावाचा आवाज तिच्याच माइकमध्ये शिरून परत जातो. स्पीकर बंद करा, नाहीतर आवाज दोन टप्पे खाली.

वसमत_रोड

मी जरा वेगळ्या वाटेचा आहे. सिप खातं (नेटवरून फोन लावायचं खातं) घेतलं आणि घरातला जुना लँडलाइनचा डबा ग्रँडस्ट्रीम एचटी८०१ सारख्या अडॅप्टरला जोडला, की म्हातारी माणसंसुद्धा नेहमीसारखा रिसीव्हर उचलून परदेशी नंबर फिरवतात. मोबाइलवर करायचं तर झोइपर किंवा लिनफोन ही ॲप. पण दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात.

एक, कॉल लागतो पण एकाच बाजूचा आवाज येतो. राउटरमधलं "सिप एएलजी" बंद करा. ते मदतीसाठी ठेवलेलं असतं आणि घोळच जास्त घालतं. दोन, कॉल बरोबर ३२ व्या सेकंदाला तुटतो. याला रेंज कारण नाही. कॉल उचलल्याची पोच समोर पोचलीच नाही, म्हणून समोरचा सर्व्हर ३२ सेकंद वाट बघून कॉल सोडतो. इथंही बहुतेक वेळा एएलजी किंवा नॅटच (घरातली सगळी यंत्रं एकाच पत्त्यावरून नेटवर नेणारी राउटरची सोय) कारण. ॲप किंवा अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये स्टन (आपला बाहेरचा पत्ता शोधून देणारी सोय) चालू करा, कीप-अलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा इशारा) ३० सेकंदांच्या आत ठेवा.

मर्यादाही सांगतो. परदेशी सेवेच्या खात्यावरून भारतातून भारतातल्याच मोबाइलवर लावायला बघू नका, ते नियमात बसत नाही. स्काइपनंसुद्धा नोव्हेंबर २०१४ पासून भारतातल्या भारतात फोनवर कॉल बंद केले होते. २०१८ पासून तशी सेवा इथला परवाना असलेल्या कंपन्यांना देता येते. अडॅप्टर इथल्या टेलिफोन लाइनला किंवा सिमला जोडायचा नाही. आणि ११२ असल्या खात्यावर लागेल असं धरून चालू नका, त्यासाठी सिमचा फोन जवळ ठेवा.

बोरगाव_काळे

अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या १-८०० नंबरवर लावायचंय. मोबाइलवरून लागत नाही. ॲपवरून लागलं, पण "१ दाबा, २ दाबा" म्हणतंय तिथं दाबलेलं त्याला कळतच नाही.

वसमत_रोड

१-८०० तिकडच्या लोकांसाठी फुकट, इकडच्या सिमवरून ते बहुधा लागत नाहीत. ॲपवरून लागतात, कारण कॉल तिथूनच बाहेर पडतो. बटनांचं म्हणाल तर सेटिंगमध्ये डीटीएमएफ (बटनांचे टोन) शोधा आणि "आरएफसी २८३३" निवडा, म्हणजे टोन आवाजापासून वेगळा जातो. "इनबँड" असेल तर टोन आवाजातून जातो आणि दाबणाऱ्या कोडेकमध्ये मोडतो. ती निवड नसेल तर कोडेक जी.७११ वर ठेवा. कॉल चालू असताना ॲपच्याच कीपॅडवर दाबा, फोनच्या डायलरवर नाही.

धारूरघाट

भावानं कॉलर आयडी जर्मन केला, नंबर आईच्या फोनात टाकला. कॉल लागला, नाव दिसलं, तिनं उचलला. आता एकच राहिलं. लातूरच्या घरच्या लँडलाइनवर त्याला लावायचं तर ०२३८२ चं काय करायचं?

मांजराकाठी

शून्य उडवा. +९१ २३८२ आणि पुढं सहा आकडे.