पाणंद की 'पाणंद रस्ता'?

बांधकरी: आमच्याकडे पाणंद म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट. दोन्ही अंगाला बांध, बांधावर घाणेरी नि निवडुंग, मधे चाकोऱ्या आणि चाकोऱ्यांच्या मधल्या पट्टीत गवत. २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी या सरकारी योजनेत 'शेत/पाणंद रस्ते' असं नाव आलं आणि आता मुरूम पडलेली कुठलीही वाट 'पाणंद रस्ता' झाली. अहो, पाणंद हीच वाट! पुढे परत 'रस्ता' कशाला? इतका नेमका शब्द असा पातळ झालेला मला बघवत नाही.

चाकोरी: अजिबात पटलं नाही. गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषांनी दाखवतात, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग एकेरी तुटक रेषेचा, सव्वाआठ फूट. जमिनीवर मात्र दर पेरणीला नांगर थोडा आत सरकतो. आमची पाणंद इतकी आवळली की ट्रॉली जाईना. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली, वाट मोकळी करून मिळावी म्हणून, तहसीलदारांकडे अर्ज केला, तर शेजारी म्हणाला, "हा पाण्याचा ओघळ आहे, रस्ता नाही." पावसाळ्यात पाणंदीतून पाणी वाहतंच, म्हणून ती वाट नाही का? त्या दिवसापासून मी प्रत्येक कागदावर 'पाणंद रस्ता'च लिहितो.

गडगा: कोकणात पाणंद शेताकडेच जाते असं नाही. दोन गडग्यांमधली, म्हणजे दगडी कुंपणांमधली, चिंचोळी वाट, मग ती घराकडे जावो नाहीतर देवळाकडे. चिऱ्यांच्या पायऱ्या असल्या की तिला पाखाडी म्हणतात. त्यामुळे बांधकरींचा अर्थही मला अपुराच वाटतो.

वऱ्हाडी: आमच्याकडे पांदण. 'पांदण रस्ता' सर्रास म्हणतात, कुणाला खटकत नाही.

बांधकरी: गडगा, तुमचं मान्य. मी माझ्या गावापुरतं बोललो. चाकोरी, अर्जात 'रस्ता' जरूर लिहा, तिथे एका शब्दावर जमीन जाते. पण बोलताना? 'पाणंदीनं ये' म्हणणारी माणसंच 'पाणंद रस्त्यानं ये' म्हणायला लागली आहेत.

चाकोरी: माझा मुलगा अजून 'पाणंदीतून आलो' असंच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी मुरूम पडला तेव्हापासून म्हणतो. त्याआधी तो पावसाळाभर दुसऱ्यांच्या बांधावरून यायचा.