उंची कमी आहे, पण फास्टच टाकायचंय: लेकीला कोणते गोलंदाज दाखवू?

सायली_म: नमस्कार. लेक १४ वर्षांची, दोन वर्षं सीझन बॉलवर खेळतेय. उंची पाच फूट एक. गेल्या आठवड्यात सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "या उंचीला फास्ट जमणार नाही, स्पिन टाक." घरी आली ती बूटही न काढता जिन्यात रडत बसली. तिला इतिहासातले थोर वेगवान गोलंदाज दाखवायचेत, पण जो बघावा तो सव्वासहा फुटी. सुरुवात कोणापासून करू?

बाळूकाका: ताई, माल्कम मार्शल. बाकीचे नंतर. वेस्ट इंडिजकडून खेळणारा बार्बाडोसचा हा गडी सहा फुटांच्या आतला, आणि त्याच संघात सहा फूट आठ इंचांचा जोएल गार्नर! तरी मार्शलचे ८१ कसोटींत ३७६ बळी, सरासरी २०.९४. त्याचा बाउन्सर फार उसळायचा नाही, घसरत थेट गळ्याशी यायचा, म्हणून खाली वाकून सोडता येत नसे. १९८३ ला कानपूरला त्याच्या चेंडूवर गावसकरांच्या हातातली बॅट सुटली, तेव्हा आमच्या घरात रेडिओभोवती कोणी बोलेना.
तिला १९८४ ची इंग्लंडमधली हेडिंग्ले कसोटी नक्की दाखवा. डाव्या अंगठ्याचं हाड मोडलेलं. सोबती लॅरी गोम्सचं शतक व्हावं म्हणून हा एका हाताने बॅटिंगला उतरला आणि मग प्लास्टर घालून ५३ धावांत ७ बळी घेतले. त्याचा रनअप बघायला सांगा, शेवटच्या पावलापर्यंत कुठे मंदावत नाही.

जामठा_स्टँड: काकांना +१. माझ्याकडून दक्षिण आफ्रिकेचा डेल स्टेन. तोही ताडमाड नाही. फेब्रुवारी २०१० ला नागपूरला मी स्टँडात होतो. आधी मुरली विजयला बाहेर जाणारे चेंडू टाकले, मग एक आत आणला. विजयने बॅट वर घेऊन सोडला आणि ऑफ स्टंप गेला. पुढे जुना चेंडू रिव्हर्स (नेहमीच्या उलट दिशेला स्विंग) व्हायला लागला आणि ४ बाद २२१ वरून आपण सर्वबाद २३३. स्टेन ५१ धावांत ७. मनगट चेंडूच्या अगदी मागे, शिवण सरळ उभी. हे उंचीवर अवलंबून नाही.

नेट्सवाली: सगळे पुरुषच का? शबनीम इस्माईल दाखवा ना! दक्षिण आफ्रिकेची, अंगाने लहानखुरी. मार्च २०२४ मध्ये मुंबई इंडियन्सकडून तिने ताशी १३२.१ किलोमीटरचा चेंडू टाकला. महिला क्रिकेटमध्ये तोवर एवढा वेग कधी मोजला गेला नव्हता.
एक कळकळीने सांगते. बघू दे सगळ्यांचं, पण ॲक्शनची, म्हणजे चेंडू टाकण्याच्या ढबीची, नक्कल नको. मार्शल छाती समोर ठेवून टाकायचा. त्याची नक्कल करताना कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला अशी खिचडी झाली की पाठीचा खालचा मणका जातो. मी १७ व्या वर्षी त्यातूनच वर्षभर घरी बसले. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली, त्याच्यासारख्यालाही १९७३ ला पाठीच्या फ्रॅक्चरने बाहेर बसवलं होतं. परतल्यावर त्याने ॲक्शन सुधारून घेतली. पाठीवर किती ताण पडतोय ते कळावं म्हणून ती रोज किती चेंडू टाकते ते वहीत लिहा, मॅचचे धरून.

सायली_म: सगळ्यांचे मनापासून आभार. शबनीमचा तो चेंडू तिने रात्री अकरा वेळा पाहिला. नेट्सवाली ताई, लेकीचा व्हिडिओ बाजूने काढू की मागून?

नेट्सवाली: दोन्हीकडून. मोबाईल कमरेच्या उंचीवर ठेवा, स्लो मोशन लावा. पुढचा पाय टेकतो तेव्हा कंबर आणि खांदे कुठे आहेत ते मी बघून सांगते.