चाचणीचा अहवाल निर्दोष, तरीही वाचकाला पुस्तक मिळत नाही: ग्रंथालयाच्या संकेतस्थळाची दुरुस्ती कुठून सुरू करावी?

प्रश्न (ग्रंथालय कर्मचारी)

आमच्या विद्यापीठ ग्रंथालयाचे संकेतस्थळ दिव्यांग वाचकांना वापरता येते की नाही, हे आम्ही एका स्वयंचलित साधनाने तपासले आणि त्याने दाखवलेले दोष दूर केले. आता अहवालात एकही त्रुटी नाही. तरीही स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणारे विद्यार्थी सांगतात की, ग्रंथसूचीत शोध घेऊन हवे ते पुस्तक गाठणे त्यांना कोणाच्या मदतीशिवाय जमत नाही. हे कशामुळे होत असावे? अक्षरे लहान-मोठी करणारी आणि रंग बदलणारी बटणे प्रत्येक पानावर बसवून देण्याचा एक प्रस्तावही आमच्यापुढे आहे. त्याचा उपयोग होईल का?

उत्तर १ (दृष्टिहीन संशोधक)

सुटी पाने तपासण्याऐवजी एक काम आरंभापासून शेवटापर्यंत तपासा: पुस्तक शोधणे, ते उपलब्ध आहे का हे कळणे आणि ते राखून ठेवणे. हे माउसला हात न लावता, केवळ कीबोर्डवर आणि स्क्रीन रीडर ऐकत करून पाहा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो.

अडचणी साधारण अशा असतात. शोधाच्या चौकटीला लेबल नसले, तर तेथे लेखकाचे नाव लिहायचे की पुस्तकाचे, हे ऐकणाऱ्याला समजत नाही. एंटर दाबल्यावर पानाचा काही भागच बदलतो आणि तो बदल बोलून दाखवला जात नाही, त्यामुळे शोध पूर्ण झाला, फसला की अजून चालू आहे, याचा पत्ता लागत नाही. निकालांपर्यंत पोहोचलेच, तर प्रत्येक पुस्तकाखाली ‘तपशील’ हाच दुवा असतो. दुव्यांची यादी उघडली की ‘तपशील, तपशील, तपशील’ एवढेच ऐकू येते. पुस्तक जागेवर आहे की कोणी नेले आहे, हे केवळ हिरव्या-लाल ठिपक्याने दाखवलेले असेल, तर ते मला कळत नाही आणि या दोन रंगांत फरक करता न येणाऱ्या वाचकालाही कळत नाही. सर्वांत मनस्ताप होतो तो निकाल गाळताना: ‘भाषा’ किंवा ‘वर्ष’ यांपुढे एक खूण केली की पान नव्याने उघडते आणि मी पुन्हा पानाच्या माथ्यावर जाऊन पोहोचतो.

उत्तर २ (संकेतस्थळ विकसक)

स्वयंचलित साधनाला चित्राचा पर्यायी मजकूर (चित्राऐवजी वाचून दाखवायचे वर्णन) आहे की नाही हे कळते. तो मजकूर योग्य आहे का, हे कळत नाही. स्वच्छ अहवालानंतरही तक्रारी उरतात त्या यामुळे.

वर सांगितलेल्या दोषांवरील उपाय अवघड नाहीत. चौकटीला लेबल द्या, प्रत्येक पुस्तकाचे नाव हेच शीर्षक आणि तोच दुवा ठेवा, ठिपक्याशेजारी ‘उपलब्ध’ असा शब्द लिहा आणि निकालांची संख्या एरियाच्या (ARIA, स्क्रीन रीडरला पानाची माहिती देणारे कोडमधील संकेत) ‘लाइव्ह’ विभागात घाला, म्हणजे ती आपोआप वाचली जाईल. निकाल गाळल्यावर फोकस, म्हणजे कीबोर्डने पानावर गाठलेली जागा, जेथल्या तेथे राहिला पाहिजे.

मोजमापासाठी २०२३ मध्ये आलेली डब्ल्यूसीएजी २.२ ही संकेतस्थळांच्या सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वे घ्या आणि त्यातील ‘एए’ ही मधली पातळी गाठा. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा आणि पान ४०० टक्के मोठे केले तरी ओळी वाचण्यासाठी आडवे सरकवावे लागू नये. प्रस्तावातील बटणे मात्र घेऊ नका. अक्षरे मोठी करण्याची सोय ब्राउझरमध्ये असतेच, आणि लेबल नसलेली चौकट त्या बटणांनंतरही वापरण्याजोगी होत नाही.

उत्तर ३ (ई-संसाधनांचे काम पाहणारे ग्रंथपाल)

शोध सुधारला तरी वाचकाच्या हाती शेवटी पीडीएफ येते, आणि ती स्कॅन केलेली असेल तर स्क्रीन रीडरच्या लेखी ते केवळ एक चित्र असते. ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखण्याची प्रक्रिया) करून मजकूर मिळवावा लागतो, आणि शीर्षके व वाचनाचा क्रम कळण्यासाठी पीडीएफला टॅगही (मजकुराची रचना सांगणाऱ्या आतल्या खुणा) लागतात. मराठी मजकुरात आणखी एक अडचण आहे: युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या समान संकेतप्रणालीपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला प्रबंध पडद्यावर देवनागरीत दिसत असला, तरी आतली अक्षरे रोमन संकेतांची असतात आणि ऐकणाऱ्याला निरर्थक आवाज ऐकू येतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो.

ग्रंथसूचीची प्रणाली आणि डेटाबेस बहुधा बाहेरच्या पुरवठादारांचे असतात. तेथे तुमच्या विकसकाचा हात पोहोचत नाही. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी सुलभतेची अट करारात घाला आणि सही करण्यापूर्वी पुरवठादारासमोर कीबोर्डने शोध घेऊन पाहा. त्या वेळी तुमचा शब्द जितका चालतो तितका नंतर चालत नाही.

पुन्हा प्रश्न (ग्रंथालय कर्मचारी)

स्कॅन केलेल्या जुन्या प्रबंधांचा साठा फार मोठा आहे. ते सर्व आधी सुधारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही का?

उत्तर ३ (पुढे चालू)

सर्व एकदम करण्याची गरज नाही. नवे प्रबंध टॅग केलेल्या, युनिकोड स्वरूपातच स्वीकारा. जुन्यांच्या प्रत्येक नोंदीवर ‘वाचनसुलभ प्रत मागवा’ असा दुवा द्या आणि प्रत किती दिवसांत मिळेल, हे तेथेच लिहा. ज्याची मागणी येईल तो आधी सुधारला जाईल आणि सुधारलेली प्रत पुढच्या वाचकासाठी जपून ठेवता येईल. स्वामित्वहक्काची शंका असेल, तर २०१३ चा मराकेश करार पाहा: दृष्टिबाधित आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी अधिकृत संस्थांना हक्कधारकाच्या परवानगीविना अशा प्रती तयार करता याव्यात, अशी कायदेशीर तरतूद करण्याचे सदस्य देशांनी त्यात मान्य केले आहे.