हार्ड डिस्क 'कॉशन' दाखवतेय, बदलू की चालेल अजून?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, सांगलीत छोटा फोटो स्टुडिओ आहे माझा. डेस्कटॉपमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क, लग्नांचं सगळं काम त्यावरच आणि आता फोल्डर उघडताना मधेच अडकायला लागलंय म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं तर पिवळ्या रंगात 'कॉशन', म्हणजे सावधान, येतंय. रिपेअरवाला म्हणतो फॉरमॅट मारू, होईल नीट. एका पार्टीचा अल्बम अजून प्रिंटला जायचाय, खूप टेन्शन आलंय. काय करू?

उत्तर १:
पिवळं कुठल्या ओळीमुळे झालंय ते आधी बघा. त्या यादीतल्या ०५ (बदलून दिलेले खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ (वाचायला अडणारे सेक्टर), सी६ (तपासणीत दुरुस्त न झालेले सेक्टर) आणि सी७ (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) समोरचे आकडे टाका इथे. नुसता सी७ वाढत असेल तर बहुतेक साटा केबलचा (डिस्क कॉम्प्युटरला जोडणारी) प्रॉब्लेम असतो, केबल बदलली की आकडा शून्य होत नाही पण वाढायचा थांबतो. आणि तोवर त्या डिस्कवर नवीन काही टाकू नका प्लीज.

प्रश्नकर्ता:
०५ ला ८, सी५ ला १८, सी६ ला पण १८. सी७ शून्य.

उत्तर २:
ते १८ नाही, २४ आहेत. सेटिंग बदललं नसेल तर ते सॉफ्टवेअर हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या हिशोबात, म्हणजे १८ = १६ + ८) आकडे दाखवतं. सी५ म्हणजे वाचताच न येणारे सेक्टर, तुमचे फोटो त्यात असू शकतात. त्या जागेवर नवीन काही लिहिलं की डिस्क ठरवते, जागा ठीक असेल तर ती परत वापरात घेते, नसेल तर राखीव साठ्यातला सेक्टर देते आणि मग ०५ वाढतो. म्हणून फुल फॉरमॅटनंतर सी५ शून्यावर येतो कधीकधी आणि वाटतं डिस्क सुधारली, पण तोवर फोटो गेलेले असतात!! अजिबात मारू देऊ नका. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) पण नको आत्ता. नवीन डिस्क आणा, प्रिंटचा अल्बम पहिला कॉपी करा (कट-पेस्ट नको), एखादी फाइल अडकली तर तिच्यामागे न लागता पुढच्या घ्या, ती शेवटी बघू. लिनक्स येणारा कोणी ओळखीत असेल तर डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरचा डेटा काढणारं सॉफ्टवेअर) वापरा, ते आधी चांगला भाग काढून घेतं आणि मधे बंद पडलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं.

उत्तर ३:
इतकं घाबरायचं कारण नाही वाटत. माझ्या डिस्कला ०५ मध्ये थोडे सेक्टर आहेत, आकडा हलत नाही, सिनेमे ठेवायला मस्त चालतेय.

उत्तर २:
सिनेमे परत मिळतात हो, कुणाचं लग्न परत होणार आहे का? आणि तुमचा सी५ शून्य असेल, यांचा नाहीये. गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या एक लाखावर डिस्क तपासून पेपर काढला होता, त्यात पहिला स्कॅन एरर (डिस्क स्वतःला तपासताना सापडलेली चूक) आलेली डिस्क ६० दिवसांत बंद पडायची शक्यता बाकीच्यांपेक्षा ३९ पट निघाली. त्याच पेपरमध्ये असंही आहे की बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्कॅन एरर, बदललेले सेक्टर अशा मुख्य चार आकड्यांत काहीच दाखवलं नव्हतं. म्हणून म्हणतो एक नको, दोन डिस्क घ्या, दुसरी घरी ठेवा.

उत्तर १:
बिल शोधून वॉरंटी बघा, असेल तर बदलून मिळेल, डेटा मात्र मिळणार नाही. कॉपी झाली की देण्याआधी जुनी डिस्क पूर्ण पुसा, लोकांच्या घरचे फोटो आहेत त्यात.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद सगळ्यांना. दोन डिस्क आणायला माणूस पाठवलाय, रिपेअरवाल्याला फोन करून फॉरमॅट नको म्हणून सांगितलं.