जीपच्या सीटा म्हाताऱ्या करायची ही काय फॅशन?

पलासियाकर
विषय जुना आहे पण परत काढतोय. परवा आपल्याच इंदूरच्या एका मॉडेल बनवणाऱ्या मित्राने १/३५ ची (खरीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी) प्लास्टिकची जीप दाखवली, १९६५ च्या युद्धातल्या असल उत्तरच्या लढाईतली, अब्दुल हमीदांची १०६ एमएम आरसीएल (रिकॉइललेस गन) वाली. गन झकास, टायर झकास, खेमकरणच्या शेतात पाणी सोडलं होतं हे लक्षात ठेवून चिखलही मस्त ओला केलेला. आणि सीटा बघाव्या तर मधोमध पांढरट ड्रायब्रश (कोरड्या ब्रशने घासलेला रंग), प्रत्येक सुरकुतीत काळा वॉश (पाण्यासारखा पातळ रंग), जागोजाग फाटलेल्या आणि आतून पिवळा फोम बाहेर. वर दोन्ही सीटा हुबेहूब सारख्याच झिजलेल्या. यार, त्यावर दोन वेगळी माणसं बसतात ना?

माझं म्हणणं एवढंच की कापड बसणाऱ्यामुळे झिजतं, तर खुणाही तिथेच पाहिजेत. कॅनव्हासवर वरून पेंट मारलेला नसतो, धागाच रंगलेला असतो, त्यामुळे बॉनेटवर स्पंजने चिपिंग (रंगाचे टवके उडाल्याच्या खुणा) करतो तसं इथे करून कसं चालेल? उन्हाने उडतो तो पाठीचा वरचा काठ आणि सीटची पुढची कड, ते फिकट करा, ऑलिव्हचा पिवळट खाकी होऊ द्या. जिथे बूड टेकतं तिथे घाम, ग्रीस, डिझेलचे हात पुसलेली पँट, ती जागा उलट काळवंडते. आपण सगळे मात्र मध्य फिकट आणि कडा गडद करतो, बरोब्बर उलटं! आणि धूळ? पोह्यांवर जीरावन भुरभुरल्यासारखं पिग्मेंट (रंगाची कोरडी पूड) सगळीकडे सारखं टाकून मोकळे. बसायच्या जागेवरची धूळ पँटलाच पुसली जाते हो, ती साचते शिवणीत आणि पाठ-सीटच्या फटीत.

टर्पेंटाईन
पटलं नाही भिया. तू खऱ्या जीपबद्दल बोलतोयस, आपण प्लास्टिक रंगवतोय. खरी सीट ४५ सेंटीमीटर धर, १/३५ मध्ये झाली साधारण १३ मिलिमीटर. एवढ्या तुकड्यावर तुझं ते 'घामाने किंचित काळवंडलेलं' हातभर लांबून कोणाला दिसणार? सपाट हिरवा चौकोन दिसेल आणि लोक म्हणतील सीटा रंगवायच्या राहून गेल्या वाटतं. लहान वस्तूवर खरा उजेड खऱ्यासारखा पडतच नाही, म्हणून तर वॉश आणि हायलाइट रंगानेच घालावे लागतात. नाटकात मेकअप करतात तो शेवटच्या रांगेसाठी. मी सीटचा मध्य उचलणार, कडा दाबणार, आणि मला त्याची काही लाज नाही.

पलासियाकर
उठाव दे ना, कोण नाही म्हणतंय, पण तो योग्य जागी दे. काँट्रास्ट तेवढाच ठेवून फक्त जागा बदल: काठ फिकट, मध्य गडद आणि मळका. हातभर लांबून तेही तितकंच दिसतं. आणि दोन सीटांत फरक ठेव, ड्रायव्हरची जास्त वापरलेली, मागचा बाक जवळजवळ नवा. त्याला काय एक्स्ट्रा पेंट लागतो?

अजून एक, विलीज एमबीत (महायुद्धातली मूळ जीप) पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, सीट उचलून पेट्रोल भरायचं. म्हणजे त्या सीटवर आणि आसपास पेट्रोलचे डाग, डागाला धूळ चिकटून झालेली चकती, हे हक्काने दाखवता येतं. शेजारच्या सीटवर तोच डाग दिसला की समजावं, नुसता ब्रश फिरवलाय.

महूचा रिटायर्ड
दोघेही भांडताय पण एक मूळ गोष्ट सुटतेय. फौजेत सीट फाटली तर तशी सोडत नाहीत हो. ठिगळ लागतं, शिवून घेतात, पार गेली तर कव्हर बदलतं. आयुष्य महूत गेलं, फाटक्या सीटची गाडी इन्स्पेक्शनला उभी करायची कोणाची हिंमत नव्हती. लढाई चालू असताना वेगळं, पण तेव्हाही तंबूच्या कापडाचा तुकडा टाचून काम भागवतात. म्हणून मॉडेलवर भोक पाडण्यापेक्षा ठिगळ दाखवा, थोडा वेगळा हिरवा, जरा नवा. ते मला जास्त खरं वाटेल.

आणि गाडीत चढायची बाजू बघा. लेफ्ट हँड जीपमध्ये ड्रायव्हर डावीकडून चढतो-उतरतो, दर वेळी सीटची डावी कड घासते. आपल्याकडच्या राइट हँड गाडीत उजवी. जबलपूरची जोंगा (आपल्या फौजेची जीपसारखी गाडी) बनवायला घेणाऱ्यांनी हे आधी ठरवावं आणि मगच ब्रश उचलावा.

टर्पेंटाईन
काका, ठिगळाला माझा सलाम, हे करणार. पण मग तुम्हीच बघा, ठिगळ म्हणजेसुद्धा 'दिसावं म्हणून' केलेलीच गोष्ट झाली, म्हणजे माझ्याच बाजूला आलात!

महूचा रिटायर्ड
बाजू कुठली आली त्यात, ठिगळ खरंच असायचं म्हणून सांगितलं.

सुईदोरा
मी मॉडेल करत नाही, मुलगा करतो, पण कपडे शिवते म्हणून राहवत नाही. तुम्ही लोक सुरकुत्या कुठेही काढता. ताणून शिवलेल्या कव्हरला सुरकुती येते ती कोपऱ्यातून आणि शिवणीपासून निघते, मध्ये येऊन विरते. मधोमध आडव्या तीन रेघा म्हणजे सैल उशी झाली, सीट नाही. आणि फाटतं ते मधे नाही फाटत, शिवणीला उसवतं आधी, नाहीतर कड पाईपिंगवर विरते. मुलाने परवा जुनं मलमल फेविकॉलने चिकटवलं सीटवर, खरं कापड म्हणून, ते मला तरी गोणपाट वाटलं.

पलासियाकर
ताई, एकदम बरोबर. मलमलीचा धागा ०.२ मिमी धरला तरी १/३५ च्या हिशेबाने खऱ्या सीटवर तो ७ मिमीचा होतो, म्हणजे दोरखंडाने विणलेली सीट. वीण दिसूच नये, दिसावा फक्त मॅटपणा. पोत हवाच असेल तर पातळ टिश्यू पेपर, पाणी घातलेल्या फेविकॉलने बसवून, किंवा एम-सील मळून वर ओल्या बोटाने घडी. मुलाला सांगा, आधी आकार मऊ कर मग रंग, किटची सीट इतकी धारदार असते की कितीही रंगवा ती वीट दिसते.

नवशिक्या ७२
मधेच विचारतो, रेक्झिनच्या सीटलाही हेच लागू का? मला नंतरच्या काळातली गाडी करायचीय. आणि तो पिवळा फोम चूक का म्हणालात?

पलासियाकर
रेक्झिन पूर्ण वेगळं. ते घासून चमकतं, शिवणीला तडकतं आणि तड्यातून आतलं पांढरट कापड दिसतं, तिथे सॅटिन वार्निश आणि बारीक फिकट चिरा चालतील. कॅनव्हासवर चमक म्हणजे खेळ खल्लास. फोमचं म्हणाल तर मऊ पॉलियुरेथेन फोम बाजारात आला १९५० च्या दशकात, महायुद्धातल्या जीपमध्ये तो कुठून येणार? तेव्हा स्प्रिंगवर केसांची किंवा कापसाची भरण. १९६५ च्या गाडीत नंतर कोणी बदलला असेल असं म्हणता येईल, पण मग कव्हरही नवं दाखवा ना.

टर्पेंटाईन
चला, फोम मी सोडला. पण रंगाच्या बाबतीत अजूनही हटणार नाही. तामियाचा एक्सएफ-६२ (ऑलिव्ह ड्रॅब, फौजी हिरवा) सरळ मारला तर एवढ्याशा सीटवर काळाच वाटतो, त्यात एक्सएफ-४९ खाकी मिसळून उजळ करावाच लागतो आणि ते मी मध्यापासून बाहेर करतो.

पलासियाकर
उजळ कर, फक्त काठापासून आत ये. पुढचं काम ऑइलने कर, कॅमलच्या ट्यूबमधलं बर्न्ट अंबर पुठ्ठ्यावर काढून ठेव, तेल शोषलं की मॅट सुकतं, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने बसायच्या जागी टिपत जा. ऑइलला वेळ मिळतो, आपल्याकडे मे महिन्यात ॲक्रिलिक ब्रशवरच सुकून जातं. आणि मॅट वार्निश पावसाळी दिवशी मारू नका कोणी, पांढुरका पडदा येतो, मग लोक त्यालाच वेदरिंग म्हणतात.

खरा कॅनव्हास कसा उडतो बघायचाय तर एबी रोडवर उभे राहा, प्लास्टिकचं सोडून जुन्या ट्रकचं कापडी तिरपाल बघा, दोरी घासते तिथे आणि घडीवर फिकट, आणि खोलगट भागात मळ.

टर्पेंटाईन
तिरपालावर कोणी बसत नाही भिया! असं करू, एकाच किटच्या दोन सीटा, डावी तुझ्या पद्धतीने, उजवी माझ्या, फोटो हातभर लांबून, क्लोजअप बिलकुल नाही. काका आणि ताई बघतील.

सुईदोरा
बघते, पण शिवण चुकली तर दोघेही नापास.